पहिली वेलांटी की दुसरी? कानाला विचारू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही तालुक्याच्या गावी एका साप्ताहिकात बातम्या टाइप करता आणि तपासताही. 'दिन-दीन', 'शिर-शीर', 'सुत-सूत' अशा दीडशे जोड्यांची यादी टेबलासमोरच्या भिंतीवर लावली आहे आणि सहा महिने ती रोज वाचता. तरी दर अंकात दोन-तीन ठिकाणी वेलांटी उलटतेच, आणि तिथे संगणक लाल रेघ ओढत नाही. यादी पाठ करायची एखादी चांगली युक्ती आहे का आणि उच्चार सुधारला तर चुका थांबतील का, असं तुम्ही विचारलंय. या आठवड्याच्या अंकातल्या तीन ओळीही पाठवल्या आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

मी अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधन करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण पाठांतराची नाही. 'दीन म्हणजे गरीब' हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. अर्थ ठाऊक असतो, पण तपासताना इथे थांबायचंय हेच सुचत नाही. डोळ्यासमोर 'दिन' असतं, मनात त्याचा जो आवाज उमटतो तो 'दीन'सारखाच असतो, काही खटकत नाही आणि आपण पुढच्या ओळीवर जातो. लाल रेघही येत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. संगणक शब्द आहे की नाही एवढंच पाहतो. तो तिथे शोभतो की नाही, हे बहुतेक वेळा आपल्यालाच पाहावं लागतं.

आता उच्चाराचं. 'महाराष्ट्र दिन' असं मोठ्याने म्हणा, मग 'दीन चेहरा' म्हणा. दोन्हींत 'दी' सारखाच लांबतो. मराठी बोलताना शब्दाच्या अखेरचे आणि शेवटच्या व्यंजनाआधीचे इकार-उकार आपोआप लांब होतात, त्याच्या अलीकडचे बहुधा आखूड होतात. संस्कृतात इकार लांब की आखूड यावर अर्थ ठरत होता. आपण ते शब्द घेतले, त्यांचं लेखन तसंच ठेवलं आणि उच्चार मात्र मराठीच्या वळणाने केला. त्यामुळे तुमच्या उच्चारात सुधारण्यासारखं काही नाही. तो मराठी माणसाचा बरोबर उच्चार आहे. फक्त या एका कामात कानाची साक्ष चालत नाही.

हे मला एका चुकीने शिकवलं. एका गावातल्या डॉक्टरांच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरच्यांनी चाळीस पानांची पुस्तिका काढली होती, पाचशे प्रती. गरिबांकडून कधी पैसे घेतले नाहीत म्हणून मुख्य लेखाचं शीर्षक होतं 'दीनांचा कैवारी'. तेव्हा आम्ही जोडीने मुद्रितं तपासायचो. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदावर नजर ठेवायची. सहकाऱ्याने वाचलं 'दीनांचा कैवारी'. माझ्यासमोर होतं 'दिनांचा कैवारी'. माझी पेन्सिल उचललीच गेली नाही. पुस्तिका छापून आल्यावर डॉक्टरांच्या मुलीने अगदी शांतपणे विचारलं, "बाई, दिवसांचा कैवारी म्हणजे काय हो?" नुसत्या शीर्षकाच्या पाचशे पट्ट्या छापल्या, ब्लेडने कापल्या आणि आम्ही तिघांनी रात्रभर बसून एकेका प्रतीवर डिंकाने चिकटवल्या. शेवटचा गठ्ठा संपला तेव्हा उजाडलं होतं. तेव्हापासून माझ्यासमोर वाचणाऱ्याने शंकेच्या शब्दाची वेलांटीही बोलायची असा नियम केला: "दीनांचा, दुसरी वेलांटी." आजही एकटी तपासत असले तरी असा शब्द आला की मी वेलांटी पुटपुटते.

आता जोड्या पाठ करण्याऐवजी मी काय करते ते सांगते. शब्द कुठून आला हे आधी पाहते. मराठीत घडलेल्या किंवा मुरलेल्या अकारान्त शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असा नियम आहे: वीट, दूध, मूल, गरीब, वकील, कापूस. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द मात्र मूळची वेलांटी घेऊन येतात. ती ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व (हित, गुण, विष), दीर्घ असेल तर दीर्घ (गीत, दूत, शरीर). आता तुमच्या भिंतीवरची यादी या नजरेने पाहा. रोजच्या बोलण्यातला शब्द बहुतेक दीर्घ निघेल, आणि पोथीत, समासात किंवा माणसांच्या नावांत भेटणारा ऱ्हस्व. गाण्याचा सूर रोजचा, सुरासुरांमधला किंवा सुरेशमधला सुर म्हणजे देव. चरख्यावरचं सूत रोजचं, सुत म्हणजे मुलगा. हातावरची शीर रोजची, शिरच्छेदातलं शिर म्हणजे डोकं. दगडाला गेलेली चीर रोजची, चिरकालातलं चिर पोथीतलं. शेतातलं पीक रोजचं, आणि पिक म्हणजे कोकिळ, तो कवितेतच भेटतो. ही खूण शंभर टक्के चालते असं नाही, पण निम्म्याहून जास्त यादी तिच्यात बसते.

न बसणाऱ्या जोड्यांत दोन्ही शब्द संस्कृतातले असतात, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त घसरतो. 'दिन-दीन' त्यातलीच. २७ फेब्रुवारीला 'मराठी भाषा गौरव दीन' असा फलक दिसला की माझ्या पोटात कालवतं, कारण लिहिणाऱ्याच्या मनात भाषेबद्दल प्रेमच असतं आणि अक्षरं नेमकी उलटं बोलत असतात. 'मिलन' म्हणजे भेट, 'मीलन' म्हणजे मिटणं, म्हणून डोळे उघडणं ते उन्मीलन. 'सलिल' म्हणजे पाणी, 'सलील' म्हणजे लीलेने केलेलं. अशा शब्दांचं गोत शोधा. दिनकर, दिनदर्शिका, दिनक्रम हे एका घरातले, दीनानाथ, दीनदयाळ, दीनदुबळे हे दुसऱ्या. सलीलमध्ये लीला दिसली की वेलांटी पाठ करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट सामान्यरूपाची, म्हणजे विभक्ती लागताना शब्दाचं जे रूप होतं त्याची. तुमच्या निम्म्या चुका इथून येत असाव्यात असं मला वाटतं. मराठी शब्दातली दीर्घ वेलांटी विभक्ती लागली की ऱ्हस्व होते: दूध-दुधाचा, फूल-फुलाला, पीक-पिकाचा. तत्सम शब्दात ती हलत नाही: दूत-दूताला, शरीर-शरीराचं. आता 'पिक विमा' असं का लिहिलं जातं बघा. आपण दिवसभर पिके, पिकांचं नुकसान, पिकाला भाव असं लिहितो. ते सगळं बरोबर असतं, हाताला ऱ्हस्व वेलांटीची सवय लागते, आणि तीच वेलांटी मूळ शब्दात शिरते. दुसऱ्या टोकाला 'दूधाचे दर' लिहिणारा मूळ शब्दाची वेलांटी रूपात ओढत नेतो. चूक एकच, फक्त उलट दिशेची. म्हणून शंकेचा शब्द आधी एकटा म्हणायचा, मग त्याला 'ला' लावून म्हणायचा, आणि आपल्यासमोर यातलं कोणतं रूप आहे ते पाहायचं.

याच नियमामुळे काही जोड्या पुढे जाऊन एक होतात. 'सूत' आणि 'सुत' वेगळे, पण 'सुताचा' म्हटलं की धाग्याचाही तोच आणि मुलाचाही तोच. त्यात तिसरा सूत म्हणजे सारथी, ज्याच्यावरून कर्णाला सूतपुत्र म्हणतात. हा तत्सम आणि दीर्घ, म्हणून त्याचं 'सूताचा' दीर्घच राहतं. उलट काही शब्द दिसायला एक असतात आणि रूपात वेगळे होतात. भाकरीचं पीठ आणि विद्यापीठातलं पीठ यांच्यात एकट्याने काहीच फरक दिसत नाही. पण डबा 'पिठाचा' आणि कुलगुरू 'विद्यापीठाचे'. पहिलं पीठ मराठीत घडलेलं, दुसरं संस्कृतातून आलेलं. नवख्या मुलांना शिकवताना मी या एका शब्दापासून सुरुवात करते, कारण नियम कशासाठी आहे ते त्यात लगेच दिसतं.

तिसरा आधार वाक्याचा. शब्दाचं लिंग आणि त्याच्याशी जुळणारं क्रियापद पाहा. शीर ती, शिर ते. 'शीर तुटली', 'शिर तुटलं'. 'पूर आला', पण प्राचीन 'पुर वसवलं'. (गावाच्या नावाला लागताना मात्र 'पूर' नेहमी दीर्घ: नागपूर, सोलापूर.) 'आव्हान' आणि 'आवाहन' यांची गल्लत बातम्यांत रोज होते. तिथे अर्थ आठवत बसू नका, क्रियापद पाहा. आव्हान देतात किंवा स्वीकारतात. आवाहन करतात. 'नागरिकांना आव्हान करण्यात येत आहे' हे वाक्य क्रियापदापाशीच अडखळतं. 'अनावृत पत्र' म्हणजे उघडं पत्र. त्याला एक 'त' वाढवून 'अनावृत्त' केलं, तर आवृत्ती-पुनरावृत्तीच्या घरातला वेगळाच शब्द होतो.

लिंगाची ही मदत किती मोलाची आहे ते 'नाव' या शब्दावरून कळेल. जुन्या लेखनात माणसाचं ते 'नांव' आणि नदीतली ती 'नाव'. 'वाचणे' म्हणजे पुस्तक वाचणं, 'वांचणे' म्हणजे जीव वाचणं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने मान्य केले (१९७२मध्ये आणखी चार आले आणि ते अठरा झाले), तेव्हा उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. जायला हवेच होते, लहान मुलांचं ओझं कमी झालं. पण दोन वेगळे शब्द एक झाले, आणि आता त्यांना वेगळं करायला वाक्यच उरलं. 'नावाने हाक मारली', 'नावेने पलीकडे गेलो'. 'तो वाचला' एवढंच वाक्य असेल, तर तो अपघातातून वाचला की तो लेख वाचून झाला, हे मागच्या-पुढच्या ओळीशिवाय सांगता येत नाही. बातमीच्या मथळ्यात हा शब्द एकटा सोडू नका.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार तुलनेने सोपा आहे. मराठीत तो दीर्घ लिहायचा: कवी, बुद्धी, गती, गुरू. आणि, नि, परंतु, तथापि यांसारखी अव्ययं अपवाद. पण समासात पहिल्या जागी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविराज, बुद्धिवाद, गुरुवर्य. याने एक सुंदर जोडी तयार होते. संस्कृतात 'पाणि' म्हणजे हात. लग्नात वर वधूचा हात धरतो म्हणून 'पाणिग्रहण'. आपलं प्यायचं पाणी मराठी, म्हणून 'पाणीपुरवठा', 'पाणीपट्टी' दीर्घ. पत्रिकेवर 'पाणीग्रहण' छापलं, तर त्या मंगल प्रसंगाचा अर्थ पाणी घेणं असा होऊन बसतो. साप्ताहिकात असाच रोजचा शब्द म्हणजे बाजारभावातला 'प्रति क्विंटल'. 'प्रति' हे अव्यय, ऱ्हस्व. 'प्रती' म्हणजे छापलेल्या प्रती. तुमच्या अंकाच्या दोन हजार प्रती, आणि तुरीचा दर प्रति क्विंटल.

श-ष आणि न-ण यांचं थोडक्यात सांगते. 'ष'चा वेगळा उच्चार सर्वसाधारण बोलण्यातून गेलाच आहे, म्हणून 'मुद्दा विषद केला' असं सर्रास दिसतं. 'विशद' म्हणजे स्पष्ट, 'विषद' म्हणजे विष देणारं. कोश-कोष आणि वेश-वेष ही दोन्ही रूपं मात्र चालतात, तिथे भांडू नका. अंकात एकच रूप पाळा म्हणजे झालं. 'कोण-कोन', 'मन-मण', 'काळ-काल' या जोड्या कुणाला सारख्या वाटतील आणि कुणाला नाही, ते तुमच्या भागावर अवलंबून आहे. वऱ्हाडात आणि खानदेशात 'ळ'च्या जागी 'य' ऐकू येतो, कुठे 'ण'चा 'न' होतो. तो त्या बोलीचा स्वभाव आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त ज्याच्या कानाला हे दोन आवाज एकच आहेत, त्याने आपल्या यादीत या जोड्याही घ्याव्यात. इतरांना त्यांची गरज नसते. संस्कृतात एक जुनं सुभाषित आहे. त्यात बाप मुलाला सांगतो, बाळा, फार शिकला नाहीस तरी व्याकरण शीक, म्हणजे स्वजनाचा श्वजन, सकलाचं शकल आणि सकृत्‌चं शकृत् होणार नाही. आपल्या माणसांची कुत्री, सगळ्याचा तुकडा आणि 'एकदा'चं शेण! स आणि श कानाला वेगळे ऐकू येतात, तरी त्या बापाला काळजी वाटली. आपल्या इकार-उकाराला तर कानाचा आधारच नाही.

आता रोजच्या कामाची रीत. मी प्रत्येक मजकूर दोनदा वाचते आणि त्या दोन वाचनांची सरमिसळ करत नाही. पहिल्यांदा अक्षरं: काना, मात्रा, रफार, सुटलेले अनुस्वार. हे वाचन काहीजण शेवटच्या ओळीकडून वर करतात. त्यामुळे नजर अर्थात गुंतत नाही आणि टंकनाच्या चुका छान सापडतात. पण या जोड्या तसं वाचून कधीच सापडणार नाहीत, कारण सुटा शब्द प्रत्येक वेळी बरोबरच दिसतो. त्या सापडतात दुसऱ्या वाचनात, सरळ, सावकाश, प्रत्येक वाक्य काय म्हणतंय ते विचारत. तुमच्याकडे वेळ कमी असेल हे मला माहीत आहे, छपाईच्या आदल्या रात्री सगळीकडे तेच असतं. निदान मथळे, फोटोखालच्या ओळी आणि श्रद्धांजली-अभिनंदनाच्या जाहिराती तरी असं दुसऱ्यांदा वाचा. तिथली चूक लोक कापून जपून ठेवतात.

आणि दीडशे शब्दांच्या जागी स्वतःची यादी करा. गेल्या सहा महिन्यांचे अंक काढा, प्रत्यक्ष चुकलेले शब्द एका वहीत उतरवा. पंधरा-वीसच्या वर जाणार नाहीत, आणि त्यातले पाच-सहा पुन्हा पुन्हा आलेले असतील. अंक पूर्ण लागला की ते पाच-सहा शब्द फाइलमध्ये 'शोधा' देऊन एकेक ठिकाणी पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. सगळे एकदम बदलायची आज्ञा मात्र कधीही देऊ नका. 'दिन'चं 'दीन' एका फटक्यात केलंत तर दिनकरचा दीनकर होईल आणि तो कुणाच्या तरी घरच्या बातमीत असेल.

काही ठिकाणी हे नियम बाजूला ठेवायचे असतात. कवितेत वृत्तासाठी कवीने वेलांटी बदलली असेल तर हात लावू नका, नियमांनीच ती मोकळीक दिली आहे. जुन्या मजकुराबद्दलही नियम स्पष्ट आहे: केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापायचं. आणि केशवसुतांचं नाव छापताना जपा. कृष्णाजी केशव दामले हे केशवाचे सुत, म्हणून केशवसुत, पहिला उकार. 'केशवसूत' असं मी शाळांच्या कार्यक्रमपत्रिकांवर पाहिलं आहे.

आता तुमच्या तीन ओळी. 'पूरग्रस्तांसाठी मदतीचे आव्हान': इथे क्रियापद मथळ्यात नाही म्हणून ते फसवतंय. मनात वाक्य पुरं करा, मदत करा असं आवाहन केलं आहे, म्हणून 'आवाहन'. 'पूरग्रस्त'मधला 'पू' दीर्घ आहे तो बरोबर. 'पिक विम्याची मुदत वाढली': 'पीक' करा. 'पिकाच्या विम्याची' असतं तर ऱ्हस्व बरोबर होता.

तिसरी ओळ तबलावादकाच्या नावाची, 'सलिल' की 'सलील'. दोन्ही शब्द आहेत, दोन्हींना चांगला अर्थ आहे, आणि दोन्ही नावं लोक ठेवतात. इथे माझा कोणताही नियम लावू नका. त्यांना फोन करा आणि वेलांटी पहिली की दुसरी तेवढं विचारून घ्या.